पिशवीतला सगळ्यात लहान तुकडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधण्यात घालवलेले आठ शनिवार-रविवार, तीन जागा, आणि पिशवीत खिळे, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, पत्र्याचे तुकडे, एक घोड्याचा नाल आणि बंदुकीचे काही छर्रे. सोनं मात्र एक कणही नाही. आता याहून महाग मशीन आणि त्याला मोठी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, घ्यावी का, म्हणजे आणखी खोलवरचं ऐकू येईल, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता घेऊ नका. आधी ती पिशवी एका वर्तमानपत्रावर रिकामी करा आणि जागेप्रमाणे तीन ढीग लावा. प्रत्येक ढिगातला सगळ्यात लहान तुकडा कोणता ते बघा. मोठ्या खिळ्यांकडे लक्ष देऊ नका, ते कोणत्याही मशीनला ऐकू येतात. लहान तुकडाच तुमच्या मशीनबद्दल आणि कानाबद्दल खरं काय ते सांगतो.

शिशाचा छर्रा आणि तेवढाच सोन्याचा खडा डिटेक्टरला जवळजवळ सारखेच वाटतात. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे, तेव्हा त्याचा आवाज वेगळा, भरदार असेल असं नव्याने शिकणाऱ्याला वाटतं. तुकडा बारीक असला की धातू कोणता यापेक्षा आकाराचाच प्रभाव जास्त पडतो. त्यात भर म्हणजे नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते आणि तिने वहनक्षमता आणखी उतरते. पावणेतीन मिलिमीटर व्यासाचा छर्रा साधारण ०.१२ ग्रॅम भरतो, तेवढ्याच आकाराचं शुद्ध सोनं ०.२१ ग्रॅम. म्हणून ज्या जागी तुम्ही छर्रे काढलेत, तिथे तुमच्या कॉइलखालून तेवढं सोनं गेलं असतं तर तेही निघालं असतं. तिथे मशीनचा दोष नाही, तुम्ही चाललात त्या पट्ट्यात तेवढ्या खोलीवर सोनंच नव्हतं. आणि ज्या जागी फक्त खिळे आणि नाल निघाले, तिथे सोनं होतं की नव्हतं हे तुम्हाला अजून कळलेलंच नाही, कारण तिथे तुम्हाला बारीक काही ऐकूच येत नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की छर्रे नदीकाठच्या वाळूत आणि जुन्या खड्ड्यांच्या जागी मिळाले. लाल मातीच्या उतारावर मशीन सारखं ओरडत होतं, म्हणून तुम्ही सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) कमी केली, डिस्क्रिमिनेशन (लोखंड गाळण्याची सोय) चढवलं, आणि तिथे नाल आणि मोठे खिळेच सापडले. तीन जागांतली मला सगळ्यात आशेची वाटते ती हीच, आणि नेमकी तीच तुम्ही बहिऱ्या कानाने तपासलीत.

आधी नदीकाठचं बोलू, ते लवकर संपेल. शुद्ध सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५, काळ्या रेतीतल्या मॅग्नेटाइटची सुमारे ५.२. पाणी वाळू हलवतं तेव्हा सोनं गाळातून खाली खाली उतरत जातं आणि कातळावर किंवा घट्ट चिकणमातीच्या थरावर जाऊन बसतं. वरच्या मऊ वाळूत उरतं ते पिठासारखं बारीक सोनं. ते थाळीने धुऊन मिळेल, डिटेक्टरला ऐकू येणार नाही. नदीवर डिटेक्टर चालवायचाच असेल तर कातळ उघडा पडलेली जागा शोधा. पाणी ओसरल्यावर कातळाच्या आडव्या भेगा, खाचा, खडकामागची खोबण इथे कॉइल फिरवा. भेगेतला गच्च बसलेला गाळ लोखंडी आकड्याने उकरून काढा आणि पुन्हा ऐका. मीटरभर जाडीच्या वाळूवर चालणं मात्र थांबवा.

जुन्या खड्ड्यांची जागा जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे सोनं होतं याची खात्री जुन्या खाणकामगारांनी खड्डे खणूनच देऊन ठेवली आहे. पण तिथे तुमच्या आधी डिटेक्टरवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या येऊन गेल्या असणार, आणि मोकळ्या, सपाट, चालायला सोप्या जमिनीवरून सगळेच गेले असणार. तुम्हीही तिथूनच गेलात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. जुन्या लोकांकडे डिटेक्टर नव्हता. त्यांची भिस्त पाण्यावर, चाळणीवर आणि नजरेवर. त्यामुळे त्यांच्याकडून काय निसटलं असेल याचा विचार करा. खड्ड्याशेजारच्या ढिगात चिकणमातीच्या ढेकळात अडकलेला खडा निसटतो. गारगोटीच्या दगडात दडलेलं, बाहेरून न दिसणारं सोनं दगड म्हणून फेकलं जातं. दोन खड्ड्यांमधली न खणलेली भिंत तशीच राहते. जिथे पाणी आणणं परवडलं नाही ती उथळ जमीनही राहते.

मोठ्या ड्रेजर यंत्रांनी उपसलेल्या भागात तर एक विलक्षण गोष्ट घडली. यंत्रातल्या फिरत्या जाळीच्या भोकांतून जे खाली पडायचं त्यातलंच सोनं पकडलं जायचं. भोकापेक्षा मोठा खडा गोट्यांबरोबर मागे ढिगावर जाऊन पडायचा. म्हणजे यंत्राने बारीक सोनं ठेवून घेतलं आणि मोठं टाकून दिलं. अलास्कातल्या गेन्स क्रीकला डिटेक्टरवाले अशाच दगडांच्या ढिगांसाठी जात असत. तुमच्या जागी ड्रेजर नसेल, पण तत्त्व तेच. ढीग पायाखालचा कचरा समजून ओलांडू नका. फावड्याने वरचा हातभर थर ओढून जमिनीवर पातळ पसरा, त्यावरून कॉइल फिरवा, मग पुढचा थर ओढा. दिवसात एक ढीग झाला तरी पुष्कळ झालं.

आता लाल उतार. इथे मी जरा थांबून बोलणार आहे.

तुमचं मशीन व्हीएलएफ, म्हणजे ‘व्हेरी लो फ्रिक्वेन्सी’ जातीचं आहे. ते कॉइलमधून सतत एका वारंवारितेची लहर सोडतं आणि जमिनीतून परत येणाऱ्या लहरीतला फरक मोजतं. वारंवारिता जितकी जास्त तितकं बारीक सोनं चांगलं ऐकू येतं, म्हणून सोन्यासाठीची अशी मशीनं ४५ किंवा ७१ किलोहर्ट्झसारख्या वरच्या पट्टीत चालवतात. साध्या, फिकट मातीत ती सुरेख काम करतात. लाल मातीत लोहाची खनिजं असतात आणि जमीन स्वतःच बोलायला लागते. जमिनीचा हा आवाज बारीक खड्याच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो. तुम्हाला ऐकू आलेलं ओरडणं ते हेच.

अशा वेळी डिस्क्रिमिनेशन चढवावंसं वाटतं, आणि तिथेच बहुतेकांचं सोनं जमिनीत राहतं. डिस्क्रिमिनेशन म्हणजे लोखंडासारखं वाटेल ते गाळून टाकण्याची सोय. पण लोहयुक्त मातीत बारीक सोन्याचा संकेत जमिनीच्या संकेतात मिसळतो आणि त्याची ओळख लोखंडाकडे सरकते. पडद्यावर ‘खिळा’ दिसतो किंवा मशीन गप्प राहतं. थोडं मोठं सोनं पातळ अॅल्युमिनियमच्या कपट्यासारखं वाटतं, ज्याला नाणी शोधणारे कचरा समजून सोडून देतात. सोन्याच्या जमिनीवर गाळणी चालत नाही. खिळे खणावे लागतात. याला दुसरा मार्ग मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही, आणि ज्यांना नियमित सोनं मिळतं असे माझ्या ओळखीतले सगळे लोक प्रत्येक आवाज खणतात.

त्या उतारावर परत जाल तेव्हा क्रम असा ठेवा. मशीन सुरू केल्यावर कॉइल जमिनीपासून कमरेएवढी उंच धरा आणि आजूबाजूच्या विजेच्या तारा, मोबाइल यांची कुरकुर आधी संपवा. मोबाइल विमान मोडवर टाका. पायात लोखंडी टोपीचे बूट असतील तर घरी ठेवा, कॉइल बुटाजवळ आली की ते दर वेळी बोलणार. मग धातू नसलेला हातभर तुकडा शोधून तिथे कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन त्या जमिनीच्या आवाजाशी जुळवून घ्या. कॉइल खाली नेताना आणि वर उचलताना आवाज बदलेनासा झाला की जुळलं. ही क्रिया घाईने करू नका, आणि माती बदलली, उतार बदलला, ऊन चढून जमीन वाळली की पुन्हा करा. दिवसातून वीस वेळा करावी लागली तरी हरकत नाही.

बॅलन्स झाल्यावरच सेन्सिटिव्हिटी. पार्श्वभूमीला जी बारीक, सलग गुणगुण असते तिला थ्रेशोल्ड म्हणतात. ती शांत, सपाट राहील इथपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा. तुम्ही ती कमी केलीत हे बरोबरच होतं. खडखडाटात आकडा वर ठेवून काही मिळत नाही, शांत गुणगुणीत खालच्या आकड्यावरही बारीक खडा ऐकू येतो. चूक झाली ती डिस्क्रिमिनेशन चढवण्यात, आणि बहुधा बॅलन्स नीट न करण्यात. तुमच्या मशीनमध्ये जमीन आपोआप जुळवून घेण्याची सोय असेल तर एक काळजी घ्या. एखाद्या अंधुक आवाजावरून तुम्ही दहा वेळा कॉइल फिरवलीत तर मशीन त्या आवाजालाच जमीन समजून पुसून टाकू शकतं. संकेत तपासताना ती सोय बंद ठेवा.

आणि कॉइल मोठी नको, लहान घ्या. मोठ्या कॉइलखाली जास्त माती येते, म्हणजे जमिनीचा आवाजही जास्त, आणि बारीक खडा तिच्या पसरलेल्या क्षेत्रात हरवतो.

खोलीबद्दल तुमच्या मनात जे आहे ते एकदा मोकळं करून टाकू. लहान खडा कॉइलच्या मानाने खोल असेल तर जाणारं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं आणि परत येणारंही तसंच. दोन्ही मिळून सहावा घात. म्हणजे तोच खडा दुप्पट खोलीवर असेल तर त्याचा आवाज ६४ पट क्षीण. यंत्राची ताकद वाढवून हे अंतर फारसं तुटत नाही. कॉइल जमिनीपासून पाच सेंटीमीटर वर धरून चालणारा माणूस मात्र तितकीच खोली फुकट घालवत असतो, आणि ती परत मिळवायला काहीही खर्च येत नाही.

इतिहासही हेच सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात मोलियागुल इथे ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा जगप्रसिद्ध सोन्याचा खडा मिळाला. त्यात ७० किलोंहून जास्त सोनं होतं, आणि तो झाडाच्या मुळांशी जमिनीखाली जेमतेम तीन सेंटीमीटरवर होता. इतका मोठा की तोलायचा काटा नव्हता, ऐरणीवर ठेवून तो फोडावा लागला. त्याच राज्यात किंगोवरजवळ १९८० साली केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने ‘हँड ऑफ फेथ’ मिळाला, २७.२ किलोंचा, सुमारे तीस सेंटीमीटर खोलीवर. तो काढणारं मशीन आजच्या मशीनपुढे साधंच होतं. त्या जमिनीवरून आधी कितीजण चालून गेले असतील याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

मग महागड्या मशीनला अर्थच नाही का? आहे, पण योग्य वेळी. पल्स इंडक्शन मशीन सतत लहर सोडत नाही. ते विजेचा एक झटका देतं, झटका थांबवतं, आणि त्यानंतर धातूत फिरणारे प्रवाह विरत जाताना जो क्षीण संकेत येतो तो ऐकतं. जमिनीचा प्रतिसाद आणि धातूचा प्रतिसाद वेगवेगळ्या वेगाने विरतात, म्हणून लाल, लोहाने भरलेल्या मातीतही ते शांत राहू शकतं. १९९५ साली मायनलॅब कंपनीचं एसडी २००० हे अशा जातीचं मशीन आलं, ब्रूस कँडी यांनी विकसित केलेलं, आणि संपल्या म्हणून सोडून दिलेल्या जमिनींतून पुन्हा सोनं निघू लागलं. अशा मशीनची गरज कधी? तुमच्या व्हीएलएफने नीट बॅलन्स करून, लहान कॉइल लावूनही त्या उतारावर छर्रा ऐकू येत नसेल तेव्हा. हे तपासायला नशिबाची वाट बघू नका. एक छर्रा जाड कागदाच्या पट्टीवर चिकटवा, त्याच उतारावर पाच सेंटीमीटर खोल पुरा, वर माती दाबा आणि कॉइल फिरवा. ऐकू आला तर मशीन पुरेसं आहे. नाही आला तर छर्रा वर वर घेत या आणि कुठे ऐकू येतो ते लिहून ठेवा. घरच्या फरशीवर हवेत केलेली चाचणी काही सांगत नाही. चाचणी त्याच मातीत हवी.

आता हाताबद्दल. नवे लोक कॉइल लोलकासारखी फिरवतात, मध्ये जमिनीला टेकलेली आणि दोन्ही टोकांना वीतभर उचललेली. टोकाला वाया गेलेल्या पट्ट्यात सोनं असतं. कॉइल जमिनीवर घासेल इतकी खाली आणि सपाट ठेवा. एका फेऱ्यातून दुसऱ्या फेऱ्यात जाताना निम्मी कॉइल आधीच्या पट्ट्यावर आली पाहिजे, कारण कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं आणि सगळ्यात खोल ऐकू येतं ते फक्त मध्याखाली. वेग इतका ठेवा की शेजारून चालणाऱ्याला कंटाळा यावा. हेडफोन वापराच. स्पीकरवर वाऱ्याच्या आवाजात जे हरवतं, तेच बहुतेक वेळा सोनं असतं.

सोन्याचा आवाज कसा असतो, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. वरवरचा खडा स्पष्ट वाजतो, पण तो तुमच्या आधी कुणीतरी नेलेला असतो. तुमच्यासाठी उरलेलं सोनं थ्रेशोल्डच्या गुणगुणीत पडणाऱ्या एका सुरकुतीसारखं येतं. आवाज म्हणावा असा आवाजही नसतो, गुणगुण क्षणभर श्वास घेते, बस. माझ्या तिसऱ्या की चौथ्या हंगामाची गोष्ट. एका उतारावर अशीच एक सुरकुती आली. दोनदा कॉइल फिरवली, तिसऱ्यांदा नक्की वाटेना, जमिनीचा आवाज म्हणून मी पुढे गेलो. मागून येणारा माझा सोबती तिथेच थांबला, बुटाने वरची पालापाचोळ्याची आणि मातीची साय खरवडली आणि पुन्हा ऐकलं. आवाज दुप्पट झाला होता. वीस सेंटीमीटरवरून अकरा ग्रॅमचा खडा निघाला. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला तेव्हाचं वजन मला अजून आठवतं. तेव्हापासून शंका आली की मी खरवडतो.

सगळ्या चाचण्यांत ही खरवडण्याची चाचणीच मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन-तीन सेंटीमीटर माती बाजूला करा. खाली धातू असेल तर आवाज वाढतो आणि धारदार होतो. जमिनीचा असेल तर विस्कटतो किंवा निघून जातो. कॉइल आडवी फिरवून पाहिलंत तशी उभीही फिरवून पाहा. दोन्ही दिशांनी एकाच जागी बोलला तर खणा. लोहाने भरलेले काही दगड, ज्यांना आम्ही गरम दगड म्हणतो, अगदी धातूसारखे वाजतात. कॉइल थोडी वर उचलली की त्यांचा आवाज लवकर विरतो, धातूचा टिकतो. शंका असेल तर दगड उचलून कॉइलपुढून फिरवा आणि पिशवीत टाका, म्हणजे पुन्हा पुन्हा तोच खणायला नको. एकच इशारा: गारगोटी चिकटलेला दगड वाजला तर तो गरम दगड समजून फेकू नका.

खणताना घाव थेट आवाजाच्या मध्यावर घालू नका. टिकावाचं पातं सोन्यावर बसलं की खड्याची किंमत उतरते आणि मनही. बाजूने खणा, माती ओढून घ्या, खड्ड्यात पुन्हा कॉइल धरा. टिकावाच्या डोक्यावर एक जोरदार चुंबक बसवून घ्या. खिळ्यांचे तुकडे आणि तारेचे बारीक कपटे त्याला आपोआप चिकटतात आणि तुमचा निम्मा वेळ वाचतो. आवाज खड्ड्यातून बाहेर आला की माती प्लास्टिकच्या खोलगट खुरप्यात घ्या, कॉइलवरून फिरवा. वाजली तर निम्मी माती दुसऱ्या हातात ओता आणि दोन्ही निम्मे तपासा. जो वाजेल तो पुन्हा निम्मा करा. पाच-सहा वेळांत चिमूटभर माती उरते आणि त्यात खडा दिसतो. इथे घाई करणारे लोक खडा पुन्हा जमिनीवर सांडतात आणि अर्धा तास शोधत बसतात.

खडा निघाला की दोन गोष्टी लगेच. खड्डा पुन्हा ऐका, कारण खाली दुसरा असतो असं फार वेळा घडतं. आणि जागेची नोंद घ्या: जीपीएस बिंदू, खोली, खड्याचा आकार. धारदार, कोनेरी, गारगोटी चिकटलेला खडा फार दूरवरून आलेला नसतो, त्याचं मूळ जवळच वर कुठेतरी असतं. गुळगुळीत, चपटा झालेला खडा दूरचा प्रवास करून आलेला असतो. उतारावर सोनं पावसाच्या पाण्याबरोबर आणि सरकत्या मातीबरोबर खाली येतं आणि पंख्यासारखं पसरतं. तीन-चार बिंदू नोंदले की तो पंखा नकाशावर दिसू लागतो आणि त्याची मूठ कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. मग वर चढत जा. जिथे मातीचा रंग बदलतो, गारगोटीचे तुकडे वाढतात, लोहाने गंजलेला दगड दिसतो, तिथला पट्टा काठीने रेघा मारून चौकोनात वाटून घ्या आणि एकही चौकोन न सोडता ऐका. पहिला खडा मिळाल्यावर आनंदाने इकडेतिकडे भटकणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक आहे. सोन्याला सोबत असते.

गारगोटीतल्या सोन्याबद्दल थोडं, कारण त्या उतारावर तुम्हाला गारगोटी दिसल्याचं तुम्ही लिहिलंय. २०२३ साली व्हिक्टोरियात एका हौशी शोधकाला फारसं महाग नसलेल्या डिटेक्टरने ४.६ किलोंचा एक दगड मिळाला आणि त्यात सुमारे २.६ किलो सोनं होतं. असा दगड मिळाला तर हातोडा उचलू नका. आत किती सोनं आहे याचा अंदाज न फोडता घेता येतो. दगड स्वच्छ धुऊन, वाळवून हवेत तोला. मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. दोन वजनांतला फरक ग्रॅममध्ये जेवढा, तेवढे घन सेंटीमीटर त्याचं आकारमान. आकारमानाला २.६५ ने गुणा, ते हवेतल्या वजनातून वजा करा, आणि उरेल त्याला १.१६ ने गुणा. समजा हवेत १०० ग्रॅम आणि पाण्यात ७५ ग्रॅम. फरक २५. पंचवीस गुणिले २.६५ म्हणजे ६६.२५. शंभरातून गेले तर ३३.७५ उरले, आणि १.१६ ने गुणून साधारण ३९ ग्रॅम सोनं. दगडात गारगोटीशिवाय लोहाची जड खनिजं असतील तर हा आकडा फुगतो, आणि दगड सच्छिद्र असेल तर भेगांतली हवा गोंधळ घालते, तेवढं लक्षात ठेवा. सोनं अगदी पिठासारखं विखुरलेलं असेल तर असा दगड डिटेक्टरला मुळीच वाजत नाही. म्हणून जिथे खडे मिळतात तिथली फुटकी गारगोटी भिंगाखाली पाहायची सवय ठेवा. पिवळं चमकणारं लोहमाक्षिक बहुतेक वेळा वाजत नाही, आणि सुईने टोचलं तर त्याचा चुरा होतो. सोनं दबतं.

स्वच्छ करायला साबण, पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. गारगोटी विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक अॅसिड वापरतात असं तुमच्या कानावर येईल. ते घरी कधीही वापरू नका. कातडीतून आत शिरतं, हाडापर्यंत जातं आणि माणूस दगावू शकतो. पाऱ्याचंही तसंच, त्याची वाफ विषारी असते.

जमीन कुणाची आहे हे पाय ठेवण्याआधी कळलं पाहिजे. खनिजाचा हक्क जमिनीच्या मालकीपेक्षा वेगळा असू शकतो, कुणाचा तरी खाणपट्टा चालू असू शकतो, संरक्षित जंगल किंवा पुरातत्त्वाची जागा असू शकते. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो आणि तो असूनही राष्ट्रीय उद्यानांत सर्रास मुभा नसते. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, तो लेखी विचारा. जुन्या खाणीच्या भागात हेडफोन लावून मागे सरकू नका. झुडपाने झाकलेली जुनी विहिरीसारखी खाण दहा पावलांवर असू शकते आणि तिच्या काठची माती आतून पोखरलेली असते. कुठे जाताय, कधी परत याल हे कुणाला तरी सांगून जा. आणि प्रत्येक खड्डा बुजवा. उघडे खड्डे पाहून एका जमीनमालकाने सगळ्यांनाच कायमची बंदी घातलेली मी पाहिली आहे, आणि ती फार चांगली जमीन होती.

तर येत्या शनिवारी लाल उतारावर जा. संपूर्ण उतार नको. गारगोटीचे तुकडे जिथे सगळ्यात दाट दिसले, तिथे दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद एवढाच चौकोन दोरीने आखा. लहान कॉइल लावा, डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद ठेवा, बॅलन्स करून छर्रा पुरून चाचणी घ्या, आणि दिवसभर त्या चौकोनाबाहेर पडू नका. आधी आडवे फेरे, मग उभे. जे वाजेल ते खणा, खिळेसुद्धा, कारण मोठा खिळा शेजारच्या बारीक खड्याचा आवाज झाकून टाकतो. संध्याकाळी पिशवी रिकामी करून सगळ्यात लहान तुकडा कोणता निघाला, किती खोलीवर, आणि पुरलेला छर्रा किती सेंटीमीटरवर ऐकू आला, हे तीन आकडे मला कळवा. मोठं मशीन घ्यायचं की नाही ते आपण त्यावरून ठरवू.